मेजर लीग बेसबॉलमधील आशियाई खेळाडू

मेजर लीग बेसबॉलमधील आशियाई खेळाडू : अमेरिका व कॅनडातील 30 संघांच्या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत खेळलेले आशियाई वंशाचे अथवा आशियात जन्मलेले खेळाडू आणि त्यांच्यामागे उभा राहिलेला चाहतावर्ग. जपान, दक्षिण कोरिया व तैवान या तीन देशांतून यांपैकी बहुतेक खेळाडू आले. परदेशांत जन्मलेल्या खेळाडूंचे प्रमाण या स्पर्धेत एकचतुर्थांशाहून थोडे अधिक असते. त्यांत डोमिनिकन प्रजासत्ताक व व्हेनेझुएला यांचा वाटा सर्वांत मोठा आणि आशियाचा लहान आहे. मात्र जपानमध्ये 1936 पासून आणि कोरियात 1982 पासून स्वतंत्र व्यावसायिक बेसबॉल चालू आहे. तैवानच्या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम 1990 चा. घरीच पगारी खेळ असल्यामुळे किती आशियाई खेळाडू अमेरिकेत जातात, हे गुणवत्तेइतकेच दोन देशांच्या संघांमधील करारांवर ठरत आले आहे.

पहिला खेळाडू कोण? : या प्रश्नाला एकच उत्तर नाही, ते व्याख्येवर अवलंबून आहे. केवळ जन्मस्थान पाहिले तर हॅरी किंगमन याचे नाव घ्यावे लागते. तो चीनमधील तिआंजिन येथे जन्मला व 1914 मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून चार सामने खेळला. पण त्याचे आईवडील अमेरिकन मिशनरी होते, म्हणून त्याला आशियाई खेळाडू म्हणणे कोणी फारसे मान्य करत नाही. वंश हा निकष धरल्यास 1956 मध्ये सिनसिनाटीकडून सात सामने खेळलेला बॉबी बाल्सेना पुढे येतो. त्याचे कुटुंब फिलिपिनो, जन्म मात्र कॅलिफोर्नियातील. जपानी वंशाच्या अमेरिकनांपुरता विचार केला तरी मतभेद संपत नाहीत. होनोलुलूचा माइक लम (पदार्पण 1967) याची आई जपानी होती आणि त्याला चिनी-हवाईयन दांपत्याने दत्तक घेतले होते. त्यामुळे काही अभ्यासक पहिलेपणाचा मान दोन्हीकडून जपानी वंश असलेल्या रायन कुरोसाकीला (सेंट लुइस कार्डिनल्स, 1975) देतात.

याआधीच्या काळात दार बंद असल्याची उदाहरणे हवाईत सापडतात. तेथील चिनी खेळाडूंच्या नावाने ओळखला जाणारा एक फिरता संघ 1912 ते 1916 या काळात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दौरे करत असे. त्यात चिनी नसलेले खेळाडूही होते. या मंडळींपैकी लँग अकाना याला पोर्टलंडच्या संघाने करारबद्ध केले, पण इतर खेळाडूंच्या विरोधामुळे करार मोडला. म्हणजे मेजर लीगच्या नोंदींत आशियाई नाव नसणे हा मैदानावरील कमकुवतपणाचा पुरावा धरता येत नाही.

आशियाई व्यावसायिक व्यवस्थेत घडून मग मेजर लीगमध्ये उतरलेला खेळाडू, ही व्याख्या सर्वांत उपयोगी वाटते. त्यानुसार मासानोरी मुराकामी हा पहिला ठरतो. नानकाई हॉक्स संघाने 1964 मध्ये या डावखुऱ्या पिचरला (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याला) दोन सहकाऱ्यांसह शिकाऊ म्हणून सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या दुय्यम संघांकडे पाठवले. फ्रेझ्नो येथील कामगिरी पाहून जायंट्सने त्याला वर घेतले आणि 1 सप्टेंबर 1964 रोजी तो न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध उतरला. करारात 10,000 डॉलर देऊन खेळाडू कायम राखण्याचे कलम होते. जायंट्सने ती रक्कम भरली, तर नानकाईचे म्हणणे होते की खेळाडू उसना दिला होता. तडजोड अशी झाली की मुराकामीने 1965 चा हंगाम अमेरिकेत खेळावा व नंतर परत यावे. दोन हंगामांत 54 सामने, 5 विजय, 1 पराभव व 9 सेव्ह (शेवटी उतरून संघाची आघाडी राखणे) अशी नोंद करून तो मायदेशी गेला. या भांडणातून 1967 चा करार झाला आणि दोन्ही देशांच्या संघांनी एकमेकांच्या करारबद्ध खेळाडूंना हात लावायचा नाही असे ठरले. पुढची जवळपास तीस वर्षे एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही.

करार व पोस्टिंग पद्धत : हा बांध हिदेओ नोमोने 1995 मध्ये फोडला. किंतेत्सू बफेलोज या आपल्या संघाशी वाद झाल्यावर त्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. निवृत्त खेळाडू परतल्यास जुन्या संघाकडेच येईल, हे बंधन जपानपुरते होते. परदेशाबद्दल नियम गप्प होता. नोमो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, दर नऊ डावांमागे 2.54 धावांच्या सरासरीने 13 सामने जिंकला, 236 फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले व नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. 1997 मध्ये हिदेकी इराबूचे हक्क त्याच्या संघाने परस्पर सॅन दिएगोला दिले आणि त्याने तेथे खेळायला नकार देऊन यांकीज गाठली, तेव्हा नवा नियम करणे अटळ झाले. डिसेंबर 1998 मध्ये पोस्टिंग पद्धत ठरली, म्हणजे जपानी संघाने रकमेच्या बदल्यात आपला खेळाडू अमेरिकी संघांपुढे वाटाघाटींसाठी ठेवण्याची रीत.

तिचे रूप दोनदा पालटले. पहिल्या रूपात अमेरिकी संघ बंद लिफाफ्यात बोली लावत. सर्वाधिक बोलीच्या संघालाच खेळाडूशी 30 दिवस वाटाघाटी करता येत. सिॲटल मरिनर्सने इचिरो सुझुकीसाठी 1,31,25,000 डॉलर मोजले. 2006 मध्ये बॉस्टनने दाइसुके मात्सुझाकासाठी 5,11,11,111.11 डॉलरची बोली लावली, तर त्याच्या सहा वर्षांच्या कराराची रक्कम सुमारे 5.2 कोटी होती. म्हणजे खेळाडूला जेवढे मिळाले जवळजवळ तेवढेच त्याच्या जुन्या संघाला. दुसरा दोष असा, की बोली जिंकणारा संघ एकच असल्याने खेळाडूला पर्याय उरत नसे. 2010 मध्ये हिसाशी इवाकुमाची ओकलंडशी बोलणी फिसकटली आणि त्याला वर्षभर जपानमध्येच थांबावे लागले. 2013 मध्ये पोस्टिंग रकमेवर दोन कोटींची मर्यादा आली व ती भरायला तयार असलेल्या कोणत्याही संघाशी बोलण्याची मुभा मिळाली. जपानी संघांना हे फार तोट्याचे वाटले.

सध्याची पद्धत टक्केवारीची आहे. हमी दिलेल्या करारातील पहिल्या 2.5 कोटी डॉलरवर 20 टक्के, पुढच्या 2.5 कोटींवर 17.5 टक्के आणि 5 कोटींवरील रकमेवर 15 टक्के, असे शुल्क जुन्या संघाला मिळते. हे शुल्क अमेरिकी संघ वेगळे भरतो, खेळाडूच्या पगारातून कापत नाही. डिसेंबर 2023 मध्ये योशिनोबू यामामोतोने डॉजर्सशी केलेल्या 32.5 कोटींच्या करारावर हिशेब असा होतो : 50 लाख, अधिक 43.75 लाख, अधिक 4 कोटी 12.5 लाख, एकूण 5,06,25,000 डॉलर त्याच्या जुन्या ओरिक्स संघाला. वाटाघाटींची मुदत आता 45 दिवस आहे. तेवढ्यात करार न झाल्यास खेळाडू परत जातो व पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुन्हा पोस्ट होऊ शकत नाही. नऊ हंगामांची सेवा पूर्ण केलेल्या जपानी खेळाडूला पोस्टिंगची गरज नाही. तो मोकळा असतो.

वयाची अट बहुतेक वाचकांच्या लक्षातून निसटते. 25 वर्षांखालील किंवा सहा हंगामांपेक्षा कमी अनुभवाचा परदेशी खेळाडू शिकाऊ गणला जातो आणि त्याला संघाच्या ठरावीक कोट्यातूनच बोनस देता येतो. म्हणून 2017 मध्ये 23 वर्षांच्या शोहेई ओतानीने एंजल्सकडून अवघे 23.15 लाख डॉलर बोनस घेतला (त्याच्या संघाला जुन्या नियमाने दोन कोटी मिळाले). जानेवारी 2025 मध्ये रोकी सासाकीने 65 लाखांवर सही केली, तेव्हा त्याच्या चिबा लोत्ते संघाच्या वाट्याला त्याच्या 25 टक्केच आले. आपला खेळाडू लवकर सोडण्यास जपानी संघ का नाखूश असतात, ते या दोन आकड्यांवरून कळते.

कोरियाची पद्धत याच धर्तीची आहे. सात हंगामांनंतर पोस्टिंग होते. ह्यून-जिन र्यूसाठी डॉजर्सने 2012 मध्ये 2,57,37,737.33 डॉलर मोजले. शाळेतून थेट परदेशी गेलेल्या कोरियन खेळाडूला परतल्यावर दोन वर्षे देशी लीगबाहेर राहावे लागते. जपानमध्येही असा दंडक 2008 मध्ये जुनिची ताझावाच्या निमित्ताने आला होता व 2020 मध्ये मागे घेतला गेला. तैवानी खेळाडू बहुधा किशोरवयातच अमेरिकी दुय्यम संघांत दाखल होतात.

खेळातील जुळवणी : जपानी चेंडू आकाराने व वजनाने नियमातील खालच्या मर्यादेजवळ असतो आणि त्याचे कातडे बोटांना चिकटते. अमेरिकी चेंडू गुळगुळीत असून सामन्यापूर्वी त्यावर डेलावेअर नदीकाठचा खास चिखल चोळतात. जपानी पिचरांचे हुकमी अस्त्र असलेला फोर्क किंवा स्प्लिटर दोन बोटांच्या बेचक्यातून सुटतो. पकड निसटली की तो खाली न बुडता पट्ट्याच्या उंचीवर तरंगतो आणि फलंदाज त्यावर होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारतो. म्हणून जाणारा पिचर शरद ऋतूपासूनच अमेरिकी चेंडूने सराव सुरू करतो. माउंडची (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची) माती जपानमध्ये मऊ, अमेरिकेत कडक. पुढचा पाय मातीत रुतत नाही, त्यामुळे पावलाची लांबी कमी करावी लागते. शिवाय जपानमध्ये सुरुवातीचा पिचर आठवड्यातून एकदा खेळतो, अमेरिकेत चार दिवसांच्या विश्रांतीनंतर. हंगाम 143 ऐवजी 162 सामन्यांचा. कोपराचा अस्थिबंध फाटून शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्सुझाका, यू दार्विश व ओतानी आहेत; मात्र दोष चेंडूचा, विश्रांतीचा की शाळकरी वयातील अतिरिक्त फेकीचा, यावर एकमत नाही. चेंडूच्या वेगाचा वाटा अधिक असावा, कारण हीच दुखापत अमेरिकी पिचरांनाही तेवढीच होते. काही संघ जपानी पिचरांसाठी सहा जणांची पाळी लावतात. याला मोठा अपवाद 2025 च्या वर्ल्ड सीरिजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) : यामामोतोने सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले व दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात आणखी 34 टाकून डॉजर्सला विजेतेपद मिळवून दिले.

2023 पासून लागू झालेल्या पिचरच्या घड्याळामुळे बेसवर (धावपटूने गाठायच्या टप्प्यांवर) कोणी नसताना 15 सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. जपानी लीगमधून येणाऱ्यांना ही घाई नवी असते.

फलंदाजांची अडचण वेगळी. पाय उंच उचलून वेळ साधण्याची सवय अधिक वेगवान चेंडूपुढे उशीर करते. ओतानीने 2018 च्या सराव सामन्यांत अपयश आल्यावर पाय उचलणे सोडून फक्त टाच वळवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. आतील क्षेत्ररक्षक मात्र कमीच टिकले. कृत्रिम हिरवळीवर चेंडू एकसारखा उसळतो, नैसर्गिक गवतावर तसे होत नाही. त्यात दुसऱ्या बेसवर धावपटूची अंगावर येणारी घसरण. त्सुयोशी निशिओकाचा पाय एप्रिल 2011 मध्ये असाच मोडला. अशा घसरणीवर 2016 मध्ये निर्बंध आले. 2023 चा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवणारा कोरियाचा हा-सोंग किम हा या बाबतीत उल्लेखनीय अपवाद.

प्रमुख खेळाडू : इचिरोने 2001 मध्ये सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच हंगामात मिळवले, 2004 मध्ये 262 हिट (बेस गाठून देणारे फटके) मारून जॉर्ज सिसलरचा 1920 पासूनचा 257 चा विक्रम मोडला आणि 2025 मध्ये 394 पैकी 393 मतांनी हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयात गेला, तेथे निवडला गेलेला तो पहिला आशियाई खेळाडू. त्याच्या जपानमधील 1,278 हिट अमेरिकेतील 3,089 मध्ये मिळवाव्यात का, हा वाद चालू असतो. त्या वेगळ्या मांडणेच योग्य. कोरियाच्या चान हो पार्कचे 124 विजय हा आशियाई पिचरांतील विक्रम असून नोमो (123) एकानेच मागे आहे. हिदेकी मात्सुई 2009 च्या वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू. तैवानचा चिएन-मिंग वांग याने 2006 व 2007 या दोन्ही वर्षी यांकीजसाठी 19 सामने जिंकले. ओतानीने 2024 मध्ये 54 होम रन व 59 चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले) अशी अभूतपूर्व जोडी नोंदवली.

चाहतावर्ग : जपानमधील पाठिंबा संघटित असतो, प्रत्येक फलंदाजाचे गाणे ठरलेले, तुताऱ्या व ढोल बाहेरच्या मैदानामागील विभागात. अमेरिकेत ही पद्धत रुजली नाही, कारण बहुतेक मैदानांत अशी वाद्ये नेता येत नाहीत आणि आशियाई प्रेक्षक एकगठ्ठा बसत नाहीत. तेथे पाठिंब्याचे रूप फलक, नावाचे सदरे व ठरावीक आसनविभाग असे झाले. सिॲटलच्या उजव्या मैदानामागील विभाग इचिरोच्या 51 या क्रमांकावरून ओळखला जाई. त्याचे हिट मोजणारा एका चाहतीचा फलक पुढे हॉल ऑफ फेमला दिला गेला. 2001 मध्ये ऑल-स्टार सामन्याच्या (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या) मतपत्रिका जपानमध्येही वाटल्या गेल्या आणि इचिरोला 33 लाखांहून अधिक, म्हणजे त्या वर्षीची सर्वाधिक मते पडली. ही मते जपाननेच दिली असा आक्षेप घेतला गेला; त्या हंगामातील 242 हिट पाहता तो फार गंभीरपणे घेण्याजोगा नाही.

प्रक्षेपणाची वेळ पाठिंब्याला आकार देते. लॉस एंजेलिसमधील संध्याकाळी 7.10 चा सामना टोकियोत दुसऱ्या दिवशी सकाळी 11.10 ला दिसतो. त्यामुळे प्रेक्षक कचेरीत, उपाहारगृहात वा रेल्वेस्थानकावरील पडद्यापुढे असतो. मार्च 2024 मध्ये सोल व मार्च 2025 मध्ये टोकियो येथे हंगामाचे पहिले सामने झाले. टोकियोत दोन्ही संघ मिळून पाच जपानी खेळाडू होते.

स्वागत सर्वत्र सारखे नव्हते. 1992 मध्ये निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे हिरोशी यामाउची यांनी मरिनर्स संघ घेण्याचे ठरवले तेव्हा परदेशी मालकीला विरोध झाला व मतदानाचा हक्क निम्म्याहून कमी ठेवण्याच्या अटीवर मान्यता मिळाली. 2017 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये दार्विशकडे पाहून वांशिक हावभाव करणाऱ्या ह्यूस्टनच्या युली गुरिएलवर पाच सामन्यांची बंदी आली.

इतर देश : मेजर लीगने चीनमध्ये 2009 पासून वूशी व अन्य शहरांत प्रशिक्षण केंद्रे काढली, त्यांतील श्यू ग्वेयुआनला बाल्टिमोरने 2015 मध्ये करारबद्ध केले, पण तो मेजर लीगपर्यंत पोचला नाही. भारतातून 2008 च्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेद्वारे रिंकू सिंग व दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील तरुण निवडले गेले व 2009 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या सर्वांत खालच्या संघाकडून खेळले. दोघेही भालाफेकपटू होते. क्रिकेटमधील गोलंदाजीत कोपर सरळ ठेवावे लागते, तर पिचरचा हात वाकून चाबकासारखा सुटतो. त्यामुळे भालाफेकीची सवय येथे अधिक उपयोगी पडली असावी. पटेलला 2010 मध्ये मोकळे केले गेले. डावखुरा रिंकू आणखी काही हंगाम खालच्या श्रेणीत टिकला.