डोक्याला मार लागलाय, सिटी स्कॅन नॉर्मल आलाय, मग थोडी घेतली तर चालते का?

गाडी स्लिप होते, डोकं आपटतं, थोडा वेळ काही सुचत नाही, एखादी उलटी होते, घरचे घाबरून हॉस्पिटलात नेतात, सिटी स्कॅन होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि डॉक्टर सांगतात की मुका मार आहे, आराम करा. पुढचे चारपाच दिवस डोकं जड, उजेड नको वाटतो, रात्री झोप नाही. मग हा माणूस डॉक्टरांना नाही, मित्राला विचारतो, थोडी घेतली तर चालेल का रे? आणि मित्र अगदी प्रेमाने सांगतो, घे की, झोप तरी लागेल.

मार लागल्यावर दारू घ्यायचा हा सल्ला चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट कळलं तरच माणूस तो टाळेल, नुसतं "डॉक्टर नको म्हणतात" सांगून कोणी ऐकत नाही.

अशा माराला डॉक्टर "माइल्ड", म्हणजे सौम्य, म्हणतात, आधी त्याचा अर्थ काय ते बघू. 1974 साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉक्टर ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजायची एक पद्धत आणली, डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय सांगितल्यासारखे हलवतो का, यावर 3 ते 15 गुण. 13 ते 15 गुण असले, शुद्ध गेली असली तर अर्ध्या तासाच्या आत परत आली आणि आठवणीतला गोंधळ एका दिवसात मिटला तर त्याला माइल्ड म्हणतात. म्हणजे जिवाला लगेच धोका दिसत नाही एवढंच. मेंदूला काही झालं नाही असा त्याचा अर्थ नाही. सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, पण पेशींच्या आत काय गडबड चाललीय ते त्यात दिसतच नाही.

आणि गडबड चांगलीच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या ख्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी 2001 मध्ये ती सविस्तर मांडली. हादरा बसला की पेशींमधून ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस बाहेर पडतं, पोटॅशियम पेशीच्या बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हे सगळं पुन्हा जागेवर आणायला पेशींचे पंप ओव्हरटाइम काम करायला लागतात, त्याला ग्लुकोज लागतं, पण नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. ऐन मे महिन्यात सगळ्यांचे एसी चालू आणि वरून लोडशेडिंग, तशी अवस्था. मग थकल्यासारखा ग्लुकोजचा वापरच खाली येतो, आणि उंदरांमध्ये हा मंद काळ 7 ते 10 दिवस चालल्याचं दिसलंय. माणसांमध्ये किती दिवस ते प्रत्येकाचं वेगळं, पण लक्षणं गेली म्हणजे आतलं काम संपलं असं नसतं.

आता या अवस्थेत दारू आत जाते. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि ग्लुटामेटच्या एका महत्त्वाच्या रिसेप्टरला (पेशीवरच्या ते पकडणाऱ्या जागेला) दाबते, म्हणून गुंगी येते. तोल सांभाळणाऱ्या छोट्या मेंदूवर परिणाम होतो, लक्ष आणि रिअ‍ॅक्शन मंदावते. मार लागलेल्या माणसाच्या याच गोष्टी आधीच कमजोर असतात, त्यामुळे बरेच जण सांगतात की पूर्वी जेवढी पचायची तेवढ्यात आता भलतीच चढते. आणि बाथरूममध्ये घसरून किंवा परत गाडीवरून पडून पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर ते खरंच महागात पडतं.

झोपेचं तर उलटंच आहे. पेगने डोळा लवकर लागतो हे खरं, पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप कमी होते, आणि उतरायला लागली की उत्तररात्री सारखी जाग येते. वर पाणी कमी पडल्याने सकाळी डोकं ठणकतं. मग ते मारामुळे दुखतंय की कालच्या दारूमुळे हे त्या माणसालाही सांगता येत नाही आणि डॉक्टरलाही.

मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. वाढत जाणारी डोकेदुखी, परत परत उलट्या, जीभ जड होणं, झोक जाणं, उठवलं तरी नीट न उठणं, ही सगळी डोक्यात रक्त साठत असल्याची लक्षणं असू शकतात, आणि प्यायलेला माणूसही अगदी असाच दिसतो. घरचे म्हणतात, झोपू दे, उतरेल सकाळी. तसं करू नका. असं काही दिसलं, फिट आली, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला तर रात्री दोन वाजता का असेना, थेट हॉस्पिटल. वयस्कर माणसं, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आणि वर्षानुवर्षं पिणारे यांच्यात तर रक्त हळूहळू साठून कित्येक आठवड्यांनीही त्रास दिसू शकतो.

"थोडी" म्हणजे किती हाही हिशोब करून बघा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये जवळजवळ 60 ग्रॅम. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे 40 ग्रॅम, त्यामुळे "मी फक्त बिअर घेतली" याला काही अर्थ नाही. लिव्हर तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम काढतं, म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत अंगात असते. त्यात डॉक्टरांनी फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या दिल्या असतील तर गुंगी दुप्पट, आणि दुखण्याच्या काही गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची भीती.

काही जण एक मुद्दा काढतात की अपघाताच्या वेळी प्यायलेले पेशंट जास्त वाचतात असं म्हणे अभ्यासात दिसलंय. असे काही अभ्यास आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते मार लागला त्या वेळच्या दारूबद्दल आहेत, नंतर बरं होतानाच्या दारूबद्दल नाहीत. 2015 च्या एका प्रयोगात उंदरांना सौम्य मार दिल्यानंतर दारू दिली तेव्हा मेंदूतला दाह वाढला आणि सुधारणा रखडली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य, पण फायदा होईल असं मानायला काहीच आधार नाही.

मग किती दिवस थांबायचं? पहिले दोन दिवस तर अजिबातच नाही, आणि त्यानंतरही डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा पूर्ण जाईपर्यंत, गोळ्या बंद होईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. बहुतेकांचे हे काही आठवडे असतात, काहींचे तीन महिन्यांवर जातात. या काळात चिडचिड आणि उदासी येते, ती दारूने वाढते, म्हणून घरच्यांनी रागावण्याऐवजी संध्याकाळी जरा सोबत बसावं, थोडं चालायला न्यावं.

पण रोज भरपूर पिणाऱ्याने हे वाचून आज एकदम बंद करू नये. अचानक सोडल्यावर दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, नंतर भ्रमही होतो, आणि मार लागलेल्या मेंदूत तर ते फारच वाईट. म्हणून अ‍ॅडमिट असतानाच डॉक्टरांना रोज किती घेता ते खरं सांगा, नातेवाइकांसमोर लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा, म्हणजे सुरुवातीपासूनच त्याची औषधं देता येतात. आणि पुढे कायमची सोडायची असेल तर पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करतंय, तिथे जाऊन भेटा.