डंजनच्या भिंतीची जाडी कुणाच्या वाट्याची?

नकाशा कागदावर असतो तोवर डंजनची, म्हणजे भूमिका-खेळातल्या खोल्या-बोळांच्या भुयाराची, भिंत म्हणजे नुसती रेघ. तीच भिंत टेबलावर प्लास्टरची, फोमची किंवा प्लास्टिकची उभी केली की अर्धा इंच तरी जागा खाते. ही जागा कुणाच्या चौकोनातून काढायची, यावर टाइल, म्हणजे डंजन जोडायचे सुटे तुकडे, बनवणाऱ्यांत अजूनही दोन तट आहेत.

सुटे तुकडे जोडून भूभाग मांडण्याची कल्पना जुनीच. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचे असे एक टेबल भेट मिळाले होते. १८२४ मध्ये ते बनवणाऱ्याच्याच मुलाने तो खेळ कागदी नकाशांवर नेला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ १९७४ मध्ये आला तोही आलेखाच्या कागदावरच, एक चौकोन म्हणजे १० फूट अशा हिशेबाने. तिथे मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, ऐच्छिक होत्या.

याच खेळाच्या २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने चौकोन ५ फुटांचा केला, आणि टेबलावर तो १ इंचाचा झाला. हल्ला, हालचाल, आडोसा, सगळे चौकोन मोजून ठरू लागले. तोपर्यंत तयार डंजन बाजारात आले होतेच: १९९६ पासून एक अमेरिकी कंपनी रंगवलेल्या रेझिनच्या टाइली विकत होती. त्यांत जमीन आणि भिंत एकाच २ इंची तळावर ओतलेली असे. म्हणजे अर्धा इंच भिंतीला गेला की पायाखाली उरला दीड. २५ मिलिमीटरच्या बेसच्या दोन मिनी त्यात शेजारी-शेजारी मावत नाहीत. नकाशा दोन चौकोन म्हणतो, टाइल दीड दाखवते, आणि निवाडा डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, करायचा.

दुसऱ्या तटाने भिंत वेगळी केली. जमीन पूर्ण २ इंच आणि भिंत चौकोनाबाहेर. खेळाच्या नियमांना हेच धरून आहे, आणि लढाई चौकोनांवरच खेळायची असेल तर माझ्या मते याखेरीज कोणताही पर्याय विचारातही घेऊ नये. पण त्याची किंमत मोठी आहे. प्रत्येक खोलीमागे नकाशा अर्धा-अर्धा इंच फुगतो, आणि वळसा घालून मूळ खोलीत परतणारा बोळ शेवटच्या टाइलला जुळतच नाही. एकसंध टाइलीत हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय तिथे भिंतीच्या पायाशी फट नसल्याने वॉश, म्हणजे सावलीसाठीचा पातळ रंग, कोपऱ्यात छान साचतो. सुट्या भिंतीखालून टेबल डोकावते ते कितीही रंगवा, लपत नाही.

२०१३ मध्ये लवचीक पीव्हीसीच्या टाइलींसाठी लोकवर्गणीतून सुमारे १९ लाख डॉलर जमले. रेझिन पडले की टवका उडायचा. ही टाइल पडली तर उसळते. घरी करणाऱ्यांनी आधी सिलिकॉनच्या साच्यांत प्लास्टरच्या विटा ओतल्या, पुढे एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोम, धरला. प्लास्टर रंग पितो, म्हणून आधी सील करावे लागते. फोमला स्प्रे प्रायमर चालत नाही, त्यातला सॉल्व्हंट फोमच खातो. म्हणून गोंद आणि काळा ॲक्रिलिक रंग कालवून पहिला हात देण्याची पद्धत पडली. त्यावर करड्या रंगाचे फिकट होत जाणारे ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर दिलेले हात. थ्रीडी प्रिंटरच्या एका मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली आणि काही वर्षांत यंत्रे घराघरांत गेली. पण छापलेल्या भिंतीवर हाच ड्रायब्रश उलटतो: दगडाच्या कडांबरोबर थरांच्या रेघाही उजळतो.

फाइल पुन्हा छापता येते म्हणून भिंतीचा वाद मिटेल, असे वाटले होते. तसे झाले नाही. छापायच्या फाइलींचे काही संग्रह आता दोन्ही प्रकारचे तळ देतात, आणि चुंबक किंवा क्लिप लावून तुकडे जोडताही येतात. पण एका खोलीत दोन्ही प्रकार मिसळले की समोरासमोरच्या भिंती अर्धा इंच पुढेमागे येतात. रेझिनच्या टाइलींनी कपाट आधीच भरलेले लोक म्हणूनच नवे काही छापायचे तरी भिंत टाइलवरच ठेवतात.