सांबा दे गाफिएरा: पहिल्या तासाला येण्याआधी

सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या आमच्या वर्गात नाव नोंदवताना बहुतेक जण विचारतात, "पिसांचे मुकुट घालून नाचतात तोच ना?" तो नव्हे. कार्निव्हलमध्ये दिसतो तो एकट्याने करायचा सांबा. आम्ही शिकवतो तो जोडीचा, रिओ दि जानेरोच्या गाफिएरांमधला. गाफिएरा म्हणजे साध्या लोकांची नाचघरं. १९२८ साली सुरू झालेली एस्तुदांतिना त्यांतली नावाजलेली. माशीशी नावाच्या जुन्या जोडनाचातून हा नाच घडला. बॉलरूम स्पर्धांमधला उसळता सांबा आणखी वेगळा. इथे गुडघे सैल असतात, पण डोकं वर-खाली होत नाही.

आधी पकड. समोरासमोर उभे राहा आणि दोघंही किंचित आपापल्या डावीकडे सरका. त्यामुळे तुमचा उजवा पाय जोडीदाराच्या दोन पावलांमध्ये जातो आणि बोटं तुडवली जात नाहीत. लीड करणाऱ्याचा, म्हणजे चाल ठरवणाऱ्याचा, उजवा तळवा जोडीदाराच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली, बोटं जुळलेली. फॉलो करणाऱ्याचा, म्हणजे त्याच्या खुणेने चालणाऱ्याचा, डावा हात त्याच बाजूने लीडच्या दंडावरून खांद्यावर. दुसरे हात साधारण खांद्याच्या उंचीवर, सैल धरलेले. खूण द्यायची ती छातीने आणि वजनाने. हाताने ढकलणं-ओढणं ही नवख्यांची हमखास चूक. सायकलचं हँडल धरल्यासारखा हात धरला की समजा, घोटाळा झाला.

इतक्या जवळून नाचायचा संकोच वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा. मध्ये वीतभर अंतर ठेवूनही पायऱ्या शिकता येतात. आमच्याकडे जोड्या बदलतात. नको असेल तर आपल्याच जोडीदाराबरोबर राहा, कारण विचारलं जाणार नाही.

आता पाय. लय दोन मात्रांची, पावलं तीन: भर, भर, सावकाश. शाळेत गण पाठ केलेल्यांनी "सलगा, सलगा" म्हणावं, बरोब्बर बसतं. लीडचा डावा पुढे, वजन परत जागच्या उजव्यावर, डावा मागे. मग उजवा मागे, वजन जागच्या डाव्यावर, उजवा पुढे. फॉलो आरशासारखं: उजव्याने मागे सुरुवात. शिकवणाऱ्यागणिक यात थोडा फरक आढळेल.

खरी अडचण कानाची. आपल्याला पहिल्या मात्रेवर सम शोधायची सवय. सांब्यात सुर्दो हा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर जड पडतो. तुमचं सावकाश पाऊल तिथेच यायला हवं. म्हणून पहिली दहा मिनिटं आम्ही नुसत्या टाळ्या वाजवून घेतो. कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

रबरी तळाचे स्पोर्ट शूज आणू नका. ते फरशीला चिकटतात आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. गुळगुळीत तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट आणा; नसतील तर मोजे घालून या, पण मग वळणं हळू घ्या.