रसायन तंत्रज्ञान संस्था, माटुंगा : विद्यापीठ आणि उद्योगाची सांगड

मुंबईत माटुंगा येथे असलेले अभिमत विद्यापीठ. विद्यापीठ आणि कारखानदारी यांच्या सहकार्याचे भारतातील जुने व टिकलेले उदाहरण म्हणून ही संस्था ओळखली जाते. मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून १ ऑक्टोबर १९३३ रोजी तिची स्थापना झाली. सुरुवातीची वर्षे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काढून १९४३ मध्ये ती माटुंग्याच्या सध्याच्या आवारात आली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तरी जुने विद्यार्थी आणि कंपन्यांतली ज्येष्ठ मंडळी तिला आजही ‘यूडीसीटी’च (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या जुन्या नावाचे लघुरूप) म्हणतात.

संस्थेची मुळे गिरण्यांच्या मुंबईत आहेत. कापडाचे विरंजन (ब्लीचिंग), रंगाई आणि छपाई शास्त्रशुद्ध रीतीने करू शकणारी माणसे गिरण्यांना हवी होती. रंग तर बहुतांशी परदेशातून येत. त्यामुळे कापड-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांपासून शिक्षण सुरू झाले आणि पुढे रंगद्रव्ये, तेले, औषधे, अन्न, प्लास्टिक व रंगलेप यांच्या शाखा आल्या. १९३८ मध्ये पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रातील जाणकार होते. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पन्नाशीच्या दशकात मुंबईतल्याच ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि नंतर ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. कारखाना लोकलच्या अंतरावर असणे, ही सोय फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला आली.

सहकार्याचा खरा कणा म्हणजे प्राध्यापकांचे सल्लागारीचे काम. करारावर सह्या होऊन फोटो निघतात आणि पुढे काहीच होत नाही, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. इथे मात्र बहुतेक वेळा आधी अडचण दारात आली आणि कागद मागून आले. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव मनमोहन शर्मा यांचे. केंब्रिजहून पीएच.डी. करून ते १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, येथे प्राध्यापक झाले. पुढे ते संस्थेचे संचालक झाले आणि १९९० मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञान अकादमीचे सदस्य म्हणून निवडले गेलेले पहिले भारतीय अभियंते ठरले.

वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रिया हा त्यांचा विषय, आणि तो थेट कारखान्यातला आहे. अभिक्रिया घडवण्याच्या साध्या रासायनिक भट्टीत वायू सोडला, पण उत्पादन वाढत नाही, अशी तक्रार नेहमीची. अशा वेळी आधी ढवळणीचा वेग वाढवून पाहतात. त्याने अभिक्रिया वेगवान झाली, तर वायू द्रवात पुरेसा उतरत नाही हे कळते, मग ढवळणी किंवा वायू सोडण्याची रचना बदलावी लागते. काहीच फरक पडला नाही, तर अभिक्रियाच मुळात संथ असण्याची शक्यता जास्त. तिथे मोठी मोटर बसवणे म्हणजे विजेचा अपव्यय, उपाय शोधायचा तो तापमानात, उत्प्रेरकात किंवा मोठ्या भट्टीत. एवढे निदान नेमके झाले तरी कारखान्याचा बराच खर्च वाचतो, आणि प्राध्यापकाला वर्गात सांगायला खरे उदाहरण मिळते.

माणसांची ये-जा दोन्ही बाजूंनी झाली. केकी घारडा इथेच शिकले, काही काळ इथे शिकवले आणि नंतर स्वतःचा रसायन उद्योग उभारला. कोकणात लोटे येथे त्यांच्या कंपनीचा मोठा कारखाना आहे. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी आणि मुकेश अंबानी हेही येथील माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून अध्यासने, शिष्यवृत्त्या व प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

अलीकडे सहकार्याचा आवाका वाढला आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने येथे शेतातील काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवण्याचे तंत्रज्ञान विकसित झाले आणि २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सच्या आवारात रोज १० टन जैवभारावर (अशा काडीकचऱ्यावर) प्रक्रिया करणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. भुवनेश्वरचे उपकेंद्र इंडियन ऑइलच्या साह्याने उभे राहिले. मराठवाड्यासाठी जालन्यातही उपकेंद्र आहे.

अडचणीही जुन्याच आहेत. कंपनीला गुपित राखायचे असते, तर संशोधक विद्यार्थ्याला निबंध छापून पदवी मिळवायची असते. पेटंट कोणाच्या नावे, यावर गाडी अनेकदा अडते. बाहेरच्या कामामुळे शिकवण्याकडे दुर्लक्ष होते, हा आक्षेपही कायम घेतला जातो. शिवाय सल्ल्याचे शुल्क आणि चाचण्यांचा खर्च मोठ्या कंपनीला जड जात नाही, पण डोंबिवली किंवा तारापूरच्या छोट्या कारखानदाराला तो परवडेलच असे नाही.