स्कोअरकार्डाविषयी आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, परतवाडा परिसरातील आमच्या संत्राबागेला लागून असलेल्या नऊ होलांच्या छोट्या गोल्फ मैदानावर हिवाळ्यात हौशी खेळाडूंच्या स्पर्धा होतात. खेळ पावणेअकराला संपूनही बक्षीस वाटप एक वाजेपर्यंत का लांबते, असे प्रत्येक स्पर्धेनंतर कोणी ना कोणी विचारतेच. आजवर आम्ही त्याचे उत्तर चहाच्या टेबलाशी उभे राहून तोंडी देत आलो. परंतु तेच उत्तर दर आठवड्याला नव्या मंडळींना द्यावे लागत असल्याने ते एकदा सविस्तर लिहून काढणे बरे, असे वाटले. गोल्फ कसे खेळतात हे येथे सांगितलेले नाही. आपण खेळता म्हणूनच आमच्याकडे येता.

सर्व होल तीन पारचे, म्हणजे प्रत्येकी तीन फटके अपेक्षित धरलेले आहेत, त्यामुळे एका फेरीचा पार २७ आणि दोन फेऱ्यांचा ५४ होतो. जास्तीत जास्त २७ खेळाडू तिघा-तिघांच्या गटाने साडेसातला नऊही टीवरून, म्हणजे प्रत्येक होलच्या पहिल्या फटक्याच्या जागेवरून, एकाच वेळी सुरुवात करतात. एखाद्या होलवर सहा फटके झाले आणि चेंडू अजून आत गेला नसेल, तर तो उचलून कार्डावर सहा लिहावेत. काहींना हे पोरखेळासारखे वाटते. परंतु प्रत्येक होलसाठी कमाल फटके ठरवून खेळण्याचा हा प्रकार २०१९ च्या गोल्फ नियमावलीपासून स्ट्रोक प्लेचाच, म्हणजे एकूण फटके मोजून खेळण्याचाच, एक अधिकृत प्रकार आहे, आणि त्यामुळे मागचा गट टीवर ताटकळत उभा राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. विलंब होतो तो खेळात नव्हे, कार्डात. प्रत्येक खेळाडू दुसऱ्याचे कार्ड सांभाळतो, म्हणजे त्याचा मार्कर होतो, आणि होल संपताच तेथेच आकडा लिहितो, ही रीत सर्वांना माहीत असते. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन होल नेमाने लिहिले जातात, मग कार्ड घडी घालून मागच्या खिशात जाते आणि थेट चहाच्या टेबलावर बाहेर येते. त्यानंतर, "सहाव्याला तुझे चार झाले होते का पाच?" "चार. नाही, थांब, धुऱ्याकडे गेला होता तो सातव्याचा ना?" अशी आठवणींची जुळवाजुळव सुरू होते. दोन फेऱ्यांचे अठरा आकडे तिघांनी मिळून आठवायचे म्हणजे अर्धा तास सहज जातो, आणि नऊ गटांपैकी चार गटांचे असे झाले की आमच्या कार्यालयातील माणसाला प्रत्येक टेबलाशी जाऊन विनवण्या कराव्या लागतात.

यावर पाहुणे म्हणतात की बेरीज तर लिहून दिली आहे, मग एकेका होलचा आकडा कशाला हवा? याचे पहिले उत्तर नियमात आहे. बेरीज करणे हे खेळाडूचे कामच नाही; ते स्पर्धा समितीचे, म्हणजे येथे आमचे, काम आहे, आणि बेरीज चुकली म्हणून कोणालाही दंड होत नाही. २०२३ पासून तर कार्डावर स्वतःचा हँडिकॅप, म्हणजे कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा आकडा, लिहिण्याची जबाबदारीही खेळाडूवर ठेवलेली नाही. खेळाडूवर उरते ते एवढेच की प्रत्येक होलचा आकडा बरोबर असावा आणि त्याखाली त्याची व मार्करची अशा दोन्ही सह्या असाव्यात. होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो. जास्त लिहून सही केली तर तो जास्तीचा आकडाच कायम राहतो.

हा नियम कठोर आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु तो आम्ही केलेला नाही आणि त्याने मोठमोठ्यांनाही सोडलेले नाही. १९५७ च्या अमेरिकन महिला ओपन स्पर्धेत जॅकी पंग यांचे कार्ड सर्वांत कमी फटक्यांचे होते आणि बेरीजही अचूक होती, पण चौथ्या होलला सहा फटके घेतलेले असताना तेथे पाच लिहिले गेले होते. त्या बाद झाल्या आणि विजेतेपद बेट्सी रॉल्स यांच्याकडे गेले. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दि व्हिसेंझो यांनी सतरावा होल तीन फटक्यांत पूर्ण केला, परंतु मार्करने चार लिहिले आणि त्यांनी न पाहता सही केली. त्यामुळे ६५ ऐवजी ६६ फटके कायम राहिले आणि बॉब गोल्बी एका फटक्याने जिंकले. कार्ड बरोबर असते तर दोघांत बरोबरी होऊन पुढे प्लेऑफ झाला असता. त्या दिवशी दि व्हिसेंझो यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. आमच्याकडे तर संत्र्याच्या पेटीसाठी खेळतात, तेव्हा एवढे काटेकोर कशाला, असे कोणी म्हणेल; परंतु आमच्या अनुभवाप्रमाणे पेटीसाठीची भांडणे जास्त काळ चालतात.

दुसरे उत्तर खास आमच्या मैदानापुरते आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. क्लबच्या हँडिकॅपवरून एखाद्या मैदानासाठी सवलत काढायची तर त्या मैदानाचे अधिकृत रेटिंग, म्हणजे ते किती अवघड आहे याचे मोजमाप, झालेले असावे लागते. आमच्या मैदानाचे ते झालेले नाही, शिवाय येणाऱ्यांपैकी अनेकांकडे हँडिकॅपच नसतो. म्हणून आम्ही पिओरिया नावाची पद्धत आमच्या मैदानाला जुळवून वापरतो. सर्व कार्डे जमा झाल्यावर अठरांपैकी सहा होल चिठ्ठ्या टाकून काढले जातात. त्या सहा होलांवरील फटक्यांची बेरीज तिप्पट करून त्यातून पार वजा केला जातो, आणि उरलेल्याचे ८० टक्के, पूर्णांकात, ही त्या दिवसाची सवलत ठरते. समजा, एखाद्याने एकूण ७९ फटके घेतले आणि चिठ्ठीत निघालेल्या सहा होलांवर त्याचे २६ फटके आहेत. २६ ची तिप्पट ७८, त्यातून ५४ वजा जाता २४, त्याचे ८० टक्के १९.२, म्हणजे सवलत १९ आणि नेट फटके, म्हणजे सवलत वजा जाता उरलेले, ६०.

आता याच खेळाडूने एका होलवर चार फटके घेतले असताना आठवणीने, आणि अगदी प्रामाणिकपणे, पाच लिहिले असे धरा. तो होल चिठ्ठीत निघाला तर सहा होलांची बेरीज २७ होते, तिची तिप्पट ८१, वजा ५४ म्हणजे २७, आणि सवलत २२ पर्यंत चढते. एकूण फटके ८० झाले तरी नेट फटके ५८ वर येतात. स्वतःवर एक फटका जास्तीचा लावून घेणारा माणूस भलाच वाटतो, पण त्याला येथे दोन फटक्यांचा फायदा झालेला असतो. तोच होल चिठ्ठीत निघाला नाही तर त्याचे नुकसान एका फटक्याचे. "अंदाजे लिहा हो, काय फरक पडतो", असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढ्यासाठीच हसून नकार देतो, आणि शेवटचे कार्ड हाती येईपर्यंत चिठ्ठ्या टाकत नाही तेही याचसाठी. एका गटाचे कार्ड राहिले म्हणजे उरलेल्या सर्वांचा निकाल अडतो.

गेल्या डिसेंबरमधील एका स्पर्धेत दोन स्नेह्यांची कार्डे चहा झाल्यावर भरली गेली आणि त्यांतील एकाचा क्रमांक पहिला आला. तिसऱ्या गड्याला पाचव्या होलचा आकडा वेगळा आठवत होता. कोणी खोटे बोलत होते असे नाही, तिघेही तितक्याच खात्रीने वेगवेगळे बोलत होते. आम्ही पहिले बक्षीस त्या दिवशी दिले नाही, त्याबद्दल आम्हांला बरेच ऐकून घ्यावे लागले, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तरी आम्ही तेच करू.

त्या स्पर्धेनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. पती-पत्नी किंवा बाप-लेक एकमेकांचे मार्कर असणार नाहीत. नियमाची त्याला हरकत नाही, ही आमची प्रथा आहे, आणि घरोघरी शांतता राहते असा अनुभव आहे. कार्डाचा फोटो भ्रमणध्वनीवर पाठवून चालणार नाही, कारण फोटोतील सही कोणत्या आकड्यांखाली केली होती, हे नंतर सांगता येत नाही. प्रत्येक कार्डासोबत आम्ही शिसपेन्सिल देतो. डिसेंबरात आठ-साडेआठपर्यंत गवतावर दव असते, ओल्या हातमोज्याने धरलेल्या कार्डावर शाई पसरते आणि तीनचा आठ दिसू लागतो. पेन्सिल टोपीत खोचून ठेवावी. ग्रीनवरून, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावरून, उतरल्यावर, पुढच्या टीकडे चालू लागण्याआधी, मार्करने आकडा मोठ्याने म्हणावा, खेळणाऱ्याने हो म्हणावे आणि मग लिहावा, एवढी सवय लागली तर खेळ एक मिनिटानेही लांबत नाही. शेवटचा होल झाल्यावर कार्ड आधी कार्यालयाच्या खिडकीत द्यावे, मग चहाला बसावे. या हिवाळ्यापासून चहाची किटली आम्ही खिडकीच्या पलीकडे ठेवली आहे, ती मुद्दाम.

मैदानाविषयी थोडेसे. रानडुकरांनी उकरलेली जागा आम्ही फक्कीने आखून ठेवतो. तेथे आणि ठिबकच्या नळ्यांपाशी चेंडू अडला तर दंडाशिवाय बाजूला ड्रॉप करता, म्हणजे हातातून खाली सोडता, येतो. फेब्रुवारीनंतर काळ्या मातीला भेगा पडतात, त्यांनाही स्थानिक नियमाने हीच सूट आहे. ग्रीनवर रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, खुरांचे ठसे असतील तर ते पटिंगपूर्वी खुशाल बुजवावेत. चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात आणि संत्र्याच्या झाडाखाली तो सापडत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दोन चेंडू जास्तीचे आणावेत किंवा कार्यालयातून घ्यावेत.

निकाल वेळेवर लागण्यात आमच्याइतकाच आपलाही लाभ आहे. साडेअकराला बक्षिसे झाली तर बारा वाजता पंगत बसते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे गरम असतानाच फोडून त्यांत तूप घातले तर ते मुरते. तासभर झाकून ठेवलेला रोडगा हातात दगडासारखा लागतो आणि दोष मात्र स्वयंपाकघराला येतो. जेवून दीडला निघालेली मंडळी घाट चढून अडीच-पावणेतीनपर्यंत चिखलदऱ्यात पोहोचतात. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या या गावात हिवाळ्याचा दिवस लवकर कलतो, सहाच्या सुमारास अंधारू लागते. गाविलगड नीट पाहायला दोन तास लागतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला हा किल्ला दरवाजापाशी छायाचित्र काढून परतण्याजोगा नाही. भीमकुंड, देवी पॉइंट आणि पंचबोल यांपैकी दोन ठिकाणे त्यानंतरही होतात, आणि परतताना तेथील स्थानिक कॉफीची पुडी घ्यायला विसरू नये. एक वाजता निकाल लागला तर यांतले निम्मे गळते, आणि मग पाहुणे आम्हांला म्हणतात की चिखलदऱ्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही.

ज्यांना ही घाई नको असेल त्यांनी शनिवारी मुक्कामाला यावे. संध्याकाळी सरावाचा एक फेरा, हंगामात शेकोटीपाशी हुरडा, आणि त्याच वेळी कार्ड कसे भरायचे हे दहा मिनिटांत समजावून देतो. मुक्काम केलेल्या गटांची कार्डे क्वचितच अडतात, हे आम्ही खोल्या भरण्यासाठी म्हणत नाही, निदान केवळ त्यासाठी नाही.

आपल्या मंडळाची किंवा कार्यालयाची स्पर्धा ठेवायची असल्यास आठ दिवस आधी खेळाडूंची नावे कळवावीत, आणि कोण कोणाचे नातेवाईक आहेत तेही सोबत लिहावे, म्हणजे गट पाडणे सोपे जाते. बक्षिसाची पेटी डिसेंबरात आंबिया बहाराची असते, फेब्रुवारीअखेरीस मृगाची. कोणती जास्त गोड, यावर आमच्या घरातही एकमत नाही.