नायटा कातडीखाली उतरतो तेव्हा

पावसाळ्यात जांघेत, काखेत उठणारा तो गोल, लालसर कडेचा चट्टा आपल्याला नवा नाही. नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा. खाजेने जीव नकोसा होतो, पण जिवावर बेतत नाही. तो उठवणारी बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातलं केरॅटिन हे प्रथिन खाऊन जगते. खालच्या जिवंत थरात तिला सहसा थारा मिळत नाही.

अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्कोमधल्या आठ कुटुंबांतल्या 17 जणांच्या शरीरात मात्र तिला तो मिळाला. 2013 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुरशी कातडीखाली खोलवर शिरली होती, लसीका ग्रंथींतही, म्हणजे काखेत-जांघेत सुजून हाताला लागणाऱ्या गाठींतही, पोचली होती. चौघे तर चाळिशीच्या आतच गेले. आणि बुरशी कुठली? तीच, नायट्याची. फरक होता रुग्णांच्या कार्ड-9 या जनुकात. आई आणि वडील, दोघांकडूनही त्यांना बिघडलेली प्रत मिळाली होती. एक प्रत धड असली की भागतं, म्हणून असे आईवडील स्वतः निरोगी असतात.

हे जनुक करतं काय? बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकॅन ही शर्करेची साखळी असते. आपल्या पेशींत ती नसते, म्हणून तीच परक्याची खूण. पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-1 हा ग्राही ती ओळखतो आणि कार्ड-9 प्रथिन तो निरोप पेशीत पुढे नेतं. मग आयएल-17सारखे संदेश सुटतात, न्यूट्रोफिल या बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात.

आता डेक्टिन-1च बिघडला तर? 2009 साली एका डच कुटुंबात तसंच आढळलं. या प्रथिनाच्या टोकाची जेमतेम दहा अमिनो आम्लं गळाली होती. त्या बहिणींना योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग वारंवार व्हायचा, नखंही बुरशीने खराब व्हायची. पण त्यापलीकडे मजल गेली नाही. मला ही तुलना फार बोलकी वाटते. बुरशी ओळखणारे ग्राही अनेक आहेत, डेक्टिन-2 आहे, मिंकल आहे. एक चुकला तर दुसरा सावरून घेतो. पण त्या सगळ्यांचे निरोप कार्ड-9 मार्गेच जातात.

आपल्याकडचा चिवट नायटा बहुतेक वेळा जनुकांमुळे नसतो. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं आणि औषधांना न जुमानणारी बुरशी, ही नेहमीची कारणं. पण लहानपणापासून नायटा हटत नसेल, गाठी सुजत असतील, भावंडालाही तोच त्रास असेल आणि आईवडील नात्यातले असतील, तर हे सगळं त्वचारोगतज्ज्ञांना आपणहून सांगा आणि जनुकीय तपासणीबद्दल विचारा.