५१ पेगासी: पिवळा तारा पांढरा का दिसतो?

‘पिवळा तारा’ म्हणून दाखवलेला ठिपका पांढुरका दिसला की आपण भलताच तारा बघतोय, असं अनेकांना वाटतं. ५१ पेगासीच्या बाबतीत हे हमखास होतं. आकाशात चार ठळक ताऱ्यांचा भाद्रपदा चौकोन दिसतो. त्याच्या पश्चिम बाजूला पूर्वा भाद्रपदेचे दोन ठळक तारे आहेत. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ, किंचित बाहेर हा तारा आहे. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं, प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ५.५. सूर्य तेवढ्या लांब नेला, तर तो याहूनही थोडा मंद दिसेल!

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना याच ताऱ्याभोवती ४.२३ दिवसांत फेरी मारणारा ग्रह सापडला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह. पुढे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं ताऱ्याला ‘हेल्वेटिओस’ हे नाव दिलं. पैसे घेऊन ताऱ्यांना तुमचं नाव देणाऱ्यांच्या प्रमाणपत्रांना मात्र खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही.

आता रंगाकडे येऊ. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, शंकूपेशी आणि दंडपेशी या प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. शंकूपेशी तीन प्रकारच्या. त्यांच्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांच्यात रोडॉप्सिन हे एकच रंगद्रव्य असतं. त्यानं प्रकाशकण शोषला की दंडपेशी जो संदेश पाठवते, तो कण पिवळा असो वा निळा, सारखाच असतो. तरंगलांबीवर फक्त शोषलं जाण्याची शक्यता अवलंबून असते. म्हणजे थोडा हिरवट आणि पुष्कळ पिवळा प्रकाश यांतून अगदी एकसारखा संदेश निघू शकतो. तुलनेला दुसरी पेशीच नसेल, तर रंग कळणार कसा?

शिवाय दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. म्हणून हा तारा रोखून पाहिला की विरतो आणि नजर जराशी बाजूला वळवली की पुन्हा उमटतो. मला तर हा अनुभव ग्रहाच्या शोधाइतकाच विलक्षण वाटतो. त्यासाठी खरा काळोख हवा, आणि डोळे सरावायला अर्धा तास द्यायला हवा.

५० मिलिमीटर भिंगाची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण) लावली, तर डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट प्रकाश आत येतो आणि शंकूपेशी जाग्या होतात. तरीही हळदीसारखा पिवळा रंग शोधू नका. साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागाचा प्रकाश जवळजवळ पांढराच असतो. दिसली तर सायीसारखी फिकट झाक दिसेल.